तीनशे बारा पासवर्ड, त्यांतले तुमचे किती?

पत्राचा सारांश: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ४४ वर्षांच्या, बी.कॉम. झालेल्या. एका कर सल्लागारांच्या ऑफिसात १६ वर्षं नोकरी झाली, आता ३० जूनला सोडत आहेत. पुढे घरून थोडीफार कामं घ्यायचा विचार आहे. राजीनामा दिल्यापासून ‘सर’ कामापुरतंच बोलतात. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर क्रोम चालतं ते ताईंच्या स्वतःच्या जीमेलने, कारण ऑफिसचा वेगळा मेल कुणी कधी काढलाच नाही. त्यात ३१२ पासवर्ड साठले आहेत. चाळीसेक त्यांचे स्वतःचे: बँक, वीजबिल, मुलीचं कॉलेज, आईची पेन्शन. बाकी सगळे पार्ट्यांचे, म्हणजे ऑफिसच्या ग्राहकांचे: जीएसटी, इन्कम टॅक्स, टीडीएस. सहकारी मैत्रीण म्हणते, जेवणाच्या सुट्टीत एक्स्पोर्ट कर, पेनड्राइव्हवर घे आणि मोकळी हो. नवरा म्हणतो, या भानगडीत पडू नको, डायरीत लिहून घे. मुलगी म्हणते, आई, काहीच करू नको, सगळं तुझ्या जीमेलमध्ये आहे, घरी आपोआप दिसेल. ताईंचा प्रश्न, यातला सुरक्षित मार्ग कोणता? आणि पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ: ‘हे नेणं म्हणजे चोरी होईल का हो? सगळे माझ्याच हाताने टाकलेले आहेत.’

ताई,

तुमच्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते, कारण ती ओळ तुम्हाला झोपू देत नसणार. पासवर्ड कसे न्यायचे हे कुणीही सांगेल, चार बटणांचं काम आहे. कुठले न्यायचे, हे ठरलं की मग कसं न्यायचं हा प्रश्न निम्म्याहून हलका होतो.

‘माझ्याच हाताने टाकलेले आहेत’ हे अगदी खरं आहे. सोळा वर्षं प्रत्येक पार्टीचं रजिस्ट्रेशन तुम्ही केलंत, पासवर्ड तुम्ही ठरवलात, विसरला तेव्हा तुम्हीच रीसेट केलात. शाळेच्या शिपायाकडेही सगळ्या वर्गांच्या किल्ल्या असतात. कुलपं तोच उघडतो, तोच लावतो, कुठलं कुलूप जाम होतं हेही त्यालाच ठाऊक असतं. पण निवृत्तीच्या दिवशी जुडगा मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून तो घरी जातो. पार्ट्यांचे पासवर्ड हे तसे आहेत. ते तुमचे नाहीत आणि नीट पाहिलं तर सरांचेही नाहीत. ते त्या किराणा दुकानदाराचे, त्या ट्रान्सपोर्टवाल्याचे आहेत. त्यांनी ते ऑफिसवर विश्वासाने सोपवले.

कायद्याचं म्हणाल, तर मी वकील नाही, पण दोन कलमं माहीत असावीत अशी आहेत. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम ४३ हे परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमधली माहिती उतरवून घेण्याबद्दल आहे. कलम ६६सी हे दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरण्याबद्दल आहे, त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. तुमचा हेतू तसा नाही, हे तुमच्या पत्राच्या प्रत्येक ओळीत दिसतं. पण उद्या एखाद्या पार्टीच्या खात्यात काही गडबड झाली आणि तिचा पासवर्ड तुमच्या पेनड्राइव्हवर निघाला, तर हेतू सिद्ध करत बसायची पाळी तुमच्यावर येईल. ती फाइल न्यायची नाही, ती सरांसाठी जितकी, त्याहून जास्त तुमच्यासाठी.

तेव्हा जेवणाच्या सुट्टीतला बेत रद्द. मैत्रिणीने मायेने सांगितलं असेल, पण त्यात एक मोठा गैरसमज आहे आणि तो फार लोकांचा असतो. ‘एक्स्पोर्ट’ या शब्दामुळे वाटतं की माल इथून उचलला आणि तिकडे नेला. तसं काही होत नाही. एक्स्पोर्ट म्हणजे नक्कल. मूळचे ३१२ जिथल्या तिथे राहतात आणि वर त्यांची एक उघडी प्रत तयार होते.

उघडी म्हणजे किती उघडी, ते सांगते. क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवरून गूगल पासवर्ड मॅनेजर उघडायचं, तिथल्या सेटिंग्जमध्ये ‘एक्स्पोर्ट पासवर्ड्स’ आणि ‘डाउनलोड फाइल’ असं येतं. विंडोजचा पासवर्ड किंवा पिन विचारला जातो, आणि एक सीएसव्ही फाइल उतरते. ती नोटपॅडमध्ये उघडली की प्रत्येक ओळीत साइटचं नाव, पत्ता, युजरनेम आणि त्यापुढे स्वल्पविराम देऊन पासवर्ड, जसाच्या तसा. कुलूप नाही, सांकेतिक काही नाही. फायरफॉक्स, एज, सफारी, कुठूनही काढा, फाइल अशीच निघते. क्रोममध्ये निवडून काढायची सोयही नाही. निघतात ते सगळेच्या सगळे. म्हणजे त्या पेनड्राइव्हवर तुमच्या बँकेचा पासवर्ड आणि तालुक्यातल्या पावणेतीनशे व्यवहारांच्या किल्ल्या एका कागदावर लिहिल्यासारख्या असतील.

कागदावरून आठवलं. १९६२ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये एकच मोठा संगणक अनेकजण वाटून वापरत. प्रत्येकाला पासवर्ड होता आणि वेळ ठरलेली होती. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याचे चार तास पुरत नव्हते. त्याने फाइल छापून मागण्याची जी रोजची सोय होती, ती वापरून पासवर्डांची फाइलच छापून घेतली, आणि मग इतरांच्या नावाने काम करू लागला. त्याने काही फोडलं नाही. यादी उघडी होती आणि छापता येत होती, एवढंच पुरलं.

माझ्या स्वतःच्या घरातली गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी मी लॅपटॉप बदलला. पासवर्ड एक्स्पोर्ट केले, नव्यावर इम्पोर्ट केले, खूश झाले. जुना लॅपटॉप भाच्याला अभ्यासाला दिला. वर्षभराने तो म्हणाला, ‘मावशी, डाउनलोड्समध्ये तुझी एक फाइल आहे, त्यात सगळे पासवर्ड आहेत, डिलीट करू का?’ पोटात गोळा आला. तो गुणी मुलगा आहे म्हणून त्याने विचारलं. पण त्या वर्षात तो लॅपटॉप दोनदा दुरुस्तीला जाऊन आला होता. त्या रात्री दोनपर्यंत जागून मी पासवर्ड बदलत होते. म्हणून या फाइलबद्दल मी इतकी आग्रहाने बोलते.

आता तुमच्या मुलीचं म्हणणं. ती बरोबर बोलते आहे, पण अर्धंच. क्रोमचं सिंक चालू असेल, म्हणजे क्रोममधलं सगळं तुमच्या खात्याशी आपोआप जुळवलं जात असेल, तर ते ३१२ पासवर्ड खरोखरच तुमच्या गूगल खात्यात आहेत. आज रात्री घरी स्वतःच्या फोनवर किंवा लॅपटॉपवर पासवर्ड्स डॉट गूगल डॉट कॉम उघडा, तुमच्या जीमेलने आत जा आणि पाहा. यादी दिसली, तर तुमच्या चाळीस पासवर्डांसाठी ऑफिसात काहीही करायची गरज नाही, मैत्रिणीचा पेनड्राइव्ह तर नाहीच नाही.

तिला न दिसलेला अर्धा भाग असा. यादी घरी येते म्हणजे ती तिथेही राहते. ३० जूनला तुम्ही पर्स उचलून निघालात आणि क्रोम तसंच राहिलं, तर १ जुलैला त्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसासमोर तुमची बँक, तुमचा मेल, फोटो, आईची पेन्शन सगळं उघडं असेल. तुम्ही घरून नवा पासवर्ड टाकलात आणि क्रोमने तो जपून ठेवला, तर तोही तिकडे पोचेल. आणि उलटही होतं. ‘पार्ट्यांचे पासवर्ड माझ्याकडे नकोत’ म्हणून तुम्ही घरी बसून भल्या हेतूने ते पुसलेत, तर ते ऑफिसच्या कॉम्प्युटरवरूनही जातील. सिंक दोन्ही बाजूंनी चालतं. वीस तारखेला थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं रिटर्न, भरायचं आणि आदल्या दिवशी सगळे पासवर्ड गायब, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. सरांना त्यात भलं काही दिसणार नाही. म्हणून क्रम चुकवू नका.

पहिलं काम, स्वतःची भांडी आधी वेगळी करा. घरी, दोन-तीन संध्याकाळी बसून, ते चाळीस पासवर्ड हाताने दुसरीकडे घ्या. दुसरीकडे म्हणजे कुठे? इथे मला तुमच्या यजमानांची बाजू घ्यायची आहे. डायरीला हल्ली सगळे हसतात, पण घरातल्या कपाटातली डायरी इंटरनेटवरून कुणी पळवू शकत नाही. आईची पेन्शन, बँक, गॅस, वीज यांसाठी ती चांगली सोय आहे. तुम्ही आजारी पडलात तर मुलीला ती सापडेल, हाही फायदाच. फक्त ती पर्समध्ये घेऊन फिरायची नाही आणि पानांचे फोटो काढायचे नाहीत. एटीएमचा आणि यूपीआयचा पिन मात्र तिच्यातही नको.

डायरी नको असेल, किंवा चाळीसचे साठ होणार असतील, तर बिटवॉर्डनसारखं पासवर्ड मॅनेजर ॲप घ्या. त्याची मोफत आवृत्ती घरच्या वापराला पुरते. त्याला एकच मोठा पासवर्ड असतो. तो विसरलात तर कंपनीही तो परत मिळवून देऊ शकत नाही, म्हणून तो एकच कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांत ठेवा. चार-पाच असंबंधित शब्द जोडून केला तरी चालतो, लांबी महत्त्वाची. हाताने हलवायचं काम कंटाळवाणं आहे खरं, पण त्यात एक फायदा होतो. चाळीसांतले पंधरा-वीस मेलेले निघतात: एकदाच साडी मागवलेलं दुकान, बंद पडलेली रिचार्जची साइट, मुलीच्या आठवीतल्या कुठल्याशा स्पर्धेचं लॉगिन. ते तिथेच सोडा.

एक गोष्ट हाताने जमणार नाही. एखाद्या साइटवर तुम्ही पासवर्डऐवजी ‘पासकी’ केली असेल, म्हणजे बोट किंवा चेहरा दाखवून आत जात असाल, तर ती लिहूनही घेता येत नाही आणि त्या सीएसव्ही फाइलमध्येही येत नाही. तशी एखादी असेल तर त्या साइटवर जाऊन ती आपल्या फोनवर नव्याने करून घ्या.

तुमचे चाळीस सुरक्षित जागी गेले, एकेक तपासून झाले, की ते गूगलच्या यादीतून पुसून टाका. ते ऑफिसच्या क्रोममधूनही जातील, आणि या वेळी आपल्याला तेच हवं आहे. मागे उरतील ते फक्त पार्ट्यांचे.

घरी यादी दिसलीच नाही, तर सिंक बंद आहे आणि पासवर्ड फक्त त्या एका कॉम्प्युटरवर आहेत. मग तुमचे चाळीस तिथूनच पाहून डायरीत उतरवा, बाकी सगळं तसंच. पण अशा वेळी तिथलं काहीही पुसलंत तर ते कायमचं गेलं, हे लक्षात ठेवा.

आता सर. तुम्ही लिहिता, ‘विषय काढला तर त्यांना वाटेल मी काही तरी नेते आहे.’ मला नेमकं उलट वाटतं. तीनशे पासवर्ड तुमच्या जीमेलमध्ये आहेत हे त्यांना आज ना उद्या कळणारच. तुम्ही गेल्यावर नव्या माणसाने क्रोम उघडलं आणि कळलं, तर ते तुमच्या पाठीमागे कळेल, आणि त्याचा अर्थ ते स्वतःच्या मनाने लावतील. तुमच्या तोंडून कळलं तर ती जबाबदारीने केलेली सोपवणी ठरते. ते रागावले आहेत त्याचं कारणही बहुधा फार वाकडं नसावं. रिटर्नच्या हंगामाच्या तोंडावर सोळा वर्षांचा हात जातो आहे, माणूस घाबरतो. घाबरलेला माणूस कामापुरतंच बोलतो.

वीस तारखेचं थ्री-बी होऊ द्या. एकवीसला, सकाळी चहाच्या वेळी, सरळ म्हणा: ‘सर, पार्ट्यांचे सगळे पासवर्ड माझ्या पर्सनल जीमेलमध्ये साठलेत. जाण्याआधी ते ऑफिसच्या नावावर करून द्यायचेत. ऑफिसचा एक मेल काढू या, आणि मला तुमचे दोन तास हवेत, तुम्ही शेजारी बसलेले.’ शेवटचं वाक्य गाळू नका. हे काम एकट्याने करायचंच नाही.

दोन तासांत करायचं ते असं. ऑफिसच्या नावाने नवा मेल, त्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खात्री, सरांच्या फोनवर. क्रोममध्ये त्या मेलचं वेगळं प्रोफाइल. मग तुमच्या प्रोफाइलमधून एक्स्पोर्ट. तुमचे चाळीस आधीच निघालेले असल्याने फाइलमध्ये आता ऑफिसचंच आहे. फाइल डेस्कटॉपवर ठेवू नका. बऱ्याच कॉम्प्युटरांत डेस्कटॉप आपोआप वनड्राइव्हवर चढत असतो, मग तुम्ही इथे पुसली तरी तिकडच्या कचरापेटीत ती महिनाभर पडून राहते. डाउनलोड्समध्ये उतरवा आणि लगेच नव्या प्रोफाइलच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ‘इम्पोर्ट’ करा.

मध्ये एक्सेलमध्ये उघडायचा मोह होईल. आपल्या क्षेत्रातल्या माणसाचा हात तिकडेच जातो, यादी दिसली की एक्सेल. नुसती पाहायला उघडलीत आणि सवयीने कंट्रोल-एस दाबलंत, की घोटाळा. एक्सेलला ००७८६ हा पासवर्ड ७८६ वाटतो, पुढची शून्यं तो खातो. सोळा आकडी युजर आयडी असेल तर शेवटचा आकडा शून्य करून टाकतो. आकड्यांच्या मध्ये इंग्रजी ‘ई’ असेल तर त्याची भलतीच मोठी संख्या करतो, आणि बरोबरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या पासवर्डला सूत्र समजतो. पार्ट्यांच्या नोंदींत मराठीत काही लिहिलं असेल तर त्या जागी चित्रविचित्र अक्षरं दिसू लागतात. फाइल वरून ठीक दिसते. पंधरा दिवसांनी एखादं लॉगिन लागत नाही तेव्हा कळतं. पाहायचीच असेल तर नोटपॅडमध्ये पाहा, काही न बदलता बंद करा.

इम्पोर्ट झालं की यादीतली कुठलीही दहा नावं सरांना निवडायला सांगा आणि नव्या प्रोफाइलमधून त्यांच्यासमोर लॉगिन करून दाखवा. दहाही लागली, तर सीएसव्ही फाइल शिफ्ट-डिलीटने पुसा, रिसायकल बिन बघा. मगच तुमच्या जीमेलमधून पार्ट्यांची यादी पुसा, सरांसमोर. नवं प्रोफाइल वेगळ्या मेलचं असल्यामुळे तिथे धक्का लागणार नाही. पेनड्राइव्ह, व्हॉट्सॲप, स्वतःलाच मेल, यांतलं काहीही मध्ये येता कामा नये. स्वतःला पाठवलेला मेल सेंटमध्ये वर्षानुवर्षं बसून राहतो, आणि व्हॉट्सॲपवर टाकलेली फाइल फोनमध्ये, बॅकअपमध्ये, ऑफिसच्या उघड्या व्हॉट्सॲप वेबमध्ये, तीन ठिकाणी पसरते.

याच बैठकीत आणखी एक विषय काढा. तुम्ही पत्रात त्याचा उल्लेख केलेला नाही, पण लहान गावातल्या ऑफिसांत हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की विचारल्याशिवाय राहवत नाही. किती पार्ट्यांच्या पोर्टलवर मोबाइल नंबर तुमचा आहे? दुकानदाराला ओटीपीची कटकट नको असते, तो म्हणतो, ‘ताई, तुमचाच टाका.’ तुम्ही टाकता. अशा खात्याचा पासवर्ड तुम्ही दहा वेळा सोपवलात तरी किल्ली तुमच्याकडेच राहते, कारण ‘फरगॉट पासवर्ड’ दाबलं की ओटीपी तुमच्या फोनवर येतो. उलट्या बाजूने, तुम्ही उद्या नंबर बदललात तर ती पार्टी अडकते. फोनमधले जुने ओटीपीचे मेसेज चाळा आणि अशा पार्ट्यांची यादी करा. जीएसटीत अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा मोबाइल आणि ईमेल नॉन-कोअर दुरुस्तीतून बदलता येतो, इन्कम टॅक्स पोर्टलवर प्रोफाइलमधून. हे दोन तासांत होणार नाही. यादी सरांना द्या आणि उरलेल्या आठवड्यात दिवसाला जमतील तेवढे बदलून घ्या. पार्टीचा स्वतःचा नंबर लावा, सरांचाही नको. ड्रॉवरमध्ये पार्ट्यांच्या डीएससीचे, म्हणजे डिजिटल सहीचे, टोकन असतील तर तेही मोजून द्या.

अजून एक अवघड गोष्ट आहे, ती स्पष्टच सांगते. ऑफिसात पासवर्डची एक ठरलेली पद्धत असणार. पार्टीच्या नावाची पहिली चार अक्षरं, ॲट, एक-दोन-तीन-चार, असं काही तरी. तुम्ही सगळ्या फाइली पुसल्या, तरी ती पद्धत तुमच्या डोक्यातून पुसली जाणार नाही. ज्यांनी आधी नोकरी सोडली त्यांच्याही डोक्यात ती आहे. म्हणून सरांना तुम्ही स्वतःच सुचवा, ‘मी गेल्यावर हळूहळू पासवर्ड बदला, आणि प्रत्येकाचा वेगळा ठेवा.’ निघताना हे सुचवणारं माणूस संशयाला जागाच ठेवत नाही. दर महिन्याला सगळे बदला असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाण ठरवणाऱ्या संस्थेनेही २०१७ मध्ये, कारण नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, असा सल्ला दिला. लोक शेवटचा आकडा तेवढा वाढवतात, फायदा शून्य. माणूस सोडून जातं तेव्हा बदलायला कारण असतं.

सगळं झालं की एक साधा मेल सरांना टाका: अमुक तारखेला इतक्या पार्ट्यांचे पासवर्ड आणि टोकन सोपवले, माझ्याकडे प्रत नाही, इतक्या पार्ट्यांचा मोबाइल नंबर बदलायचा राहिला आहे. त्यांच्याकडून ‘मिळालं’ एवढं उत्तर घ्या. ते बोलायलाच तयार नसतील, दोन तास देत नसतील, तर हाच मेल आधी पाठवा, ‘माझ्या प्रोफाइलमध्ये ऑफिसचे पासवर्ड आहेत, २९ तारखेपर्यंत ते हलवून घ्यावेत,’ आणि सोपवताना एक सहकारी शेजारी बसवा. आणि ते म्हणाले, ‘एवढं कशाला, तुझ्या जीमेलचा पासवर्ड दे, आम्ही बघून घेऊ,’ तर ते तेवढं नाही म्हणजे नाही. सोळा वर्षांच्या भिडेने तो देऊन बसाल, म्हणून आधीच सांगते.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी तुमचं प्रोफाइल ऑफिसच्या क्रोममधून काढून टाका. उजवीकडच्या गोल फोटोवरून प्रोफाइलांची यादी उघडते, तुमच्या नावाच्या चौकटीवर तीन ठिपके असतात, तिथे ‘डिलीट’. कॉम्प्युटरवरचं जातं, तुमच्या गूगल खात्यातलं शाबूत राहतं. नुसतं जीमेलमधून साइन आउट करून थांबू नका. घरी गेल्यावर गूगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’ पानावर ‘युअर डिव्हायसेस’ बघा. ऑफिसचा कॉम्प्युटर अजून दिसत असेल तर तिथूनही साइन आउट करा.

आणि त्यानंतर, त्याच रात्री, स्वतःचे महत्त्वाचे पासवर्ड बदला. आधी बदलले असते तर उपयोग नव्हता, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. पहिला जीमेलचा, कारण बाकी सगळ्यांचे रीसेट त्याच्यावर येतात. त्याला टू-स्टेप चालू करा; गूगल दहा बॅकअप कोड देतं, ते डायरीत चिकटवा, फोन हरवला तर ते कामाला येतात. मग बँक, मग आईची पेन्शन. कुणावर संशय म्हणून नव्हे. विंडोजचा पिन ऑफिसात सगळ्यांना माहीत होता ना? तेवढ्यावर त्या यादीतला कुठलाही पासवर्ड डोळ्याचं चित्र दाबून वाचता येत होता, गेली कित्येक वर्षं. काही विपरीत आढळलंच, पैसे गेल्याचं दिसलं, तर बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करायचा. जेवढ्या लवकर, तेवढी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

घरून कामं घेणार आहात, त्याबद्दल थोडंसं. जुन्या पार्ट्या तुमच्याकडे येतील, काही नक्की येतील, आणि आल्या आल्या म्हणतील, ‘पासवर्ड तुम्हाला माहीतच आहे की.’ तिथेच त्यांना थांबवा. पासवर्ड त्यांना बदलायला सांगा आणि त्यांचा नंबर त्यांच्याच खात्याला लावून द्या. जीएसटी पोर्टलवर करदात्याला आपला जीएसटी प्रॅक्टिशनर, म्हणजे त्याच्या वतीने रिटर्न भरणारा नोंदणीकृत माणूस, नेमता येतो आणि काढताही येतो. त्यात पासवर्ड द्यावा लागत नाही. बी.कॉम. आहात, या नोंदणीची आणि तिच्या परीक्षेची पात्रता तपासून पाहा. इन्कम टॅक्स पोर्टलवरही अधिकृत प्रतिनिधी जोडायची सोय आहे. सुरुवातीला पार्ट्या कुरकुर करतील, ‘पूर्वी असं नव्हतं’ म्हणतील. तरी पहिल्या पार्टीपासून असंच ठेवा, म्हणजे तुमच्या क्रोममध्ये पुन्हा दुसऱ्यांचे पावणेतीनशे पासवर्ड साठणार नाहीत.

आज रात्री मात्र फक्त एवढंच करा. मुलीला शेजारी बसवा, घरच्या फोनवर ती यादी उघडा, आणि तुमचे नेमके किती आहेत ते मोजा.